कोरियातली गल्लीतली खानावळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुवॉनला राहायला येऊन मला आता नववं वर्ष लागलं. दर काही महिन्यांनी एखादं नवं मराठी कुटुंब इथे येतं, बहुतेक सॅमसंगच्या नाहीतर विद्यापीठाच्या निमित्ताने, आणि पहिल्याच आठवड्यात मेसेज येतो: "ताई, घराखाली एक छोटं कोरियन हॉटेल आहे. आत जाऊ का? काय मागू?" तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करून कंटाळले, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. यातलं बरंचसं मी आमच्या गल्लीतल्या एकाच खानावळीत शिकले. तिचं नाव देत नाही. तिथे सहाच टेबलं आहेत आणि मलाही बसायला जागा लागते.

हे हॉटेल नक्की कुठल्या प्रकारचं?

आपल्या शब्दांत सांगायचं तर खानावळ. लाल विटांची तीन-चार मजली इमारत, वर भाड्याच्या खोल्या, तळमजल्यावर काचेचा सरकता दरवाजा आणि पाटीवर "शिकदांग", म्हणजे जेवायची जागा. आत भिंतीवर मेनू, कुणा बँकेचं कॅलेंडर आणि कायम चालू असलेला टीव्ही. बाई स्वयंपाक करते, नवरा वाढतो आणि पैसे घेतो, कॉलेजातला मुलगा शनिवारी भांडी घासतो. नोकर नसतात, कारण परवडत नाहीत. २०२५ साली इथलं किमान वेतन तासाला १०,०३० वॉन होतं, म्हणजे एका जेवणाच्या किमतीपेक्षा जास्तच. "वाढायला इतका वेळ का?" असं मनात आलं तर हा आकडा आठवा.

अशा ठिकाणचं मुख्य जेवण म्हणजे बेकबान. शब्दाचा अर्थ नुसता "पांढरा भात", पण भाताबरोबर सूप किंवा रस्सा आणि चार-सहा छोट्या ताटल्या येतात. त्या ताटल्या म्हणजे बानचान. आपल्या पानाची डावी बाजू आठवा: चटणी, कोशिंबीर, लोणचं. फक्त इथे डावी बाजूच अर्धं टेबल व्यापते.

कधी जावं?

दुपारी साडेअकरा ते दीड, संध्याकाळी साडेपाच ते आठ. बऱ्याच ठिकाणी तीन ते पाच "ब्रेक टाइम" असतो आणि तो शब्द दारावर कोरियन लिपीत चक्क तसाच लिहिलेला असतो. त्या वेळात दार उघडं दिसलं तरी आत जाऊ नये. घरची मंडळी तेव्हा जेवायला बसलेली असतात. आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते, आणि सॉल्लाल (चांद्र नववर्ष) नि छुसॉक या दोन सणांना तर सगळी गल्लीच बंद. जिन्नस संपले की साडेसातलाही शटर खाली येतं. हुज्जत घालू नका, खरंच संपलेलं असतं.

एकट्याने गेलं तर चालतं का?

भात-रस्सा जेवायला खुशाल जा. टेबलावरच्या शेगडीवर मांस भाजायचं असेल किंवा मोठ्या पातेल्यातला रस्सा हवा असेल, तर मात्र बहुतेक ठिकाणी किमान दोघांचं मागवावं लागतं. मेनूवर पदार्थापुढे "२ इनबुन" असं दिसलं तर त्याचा अर्थ तोच. भर बाराच्या गर्दीत एकट्याने चौघांचं टेबल अडवायचं नाही, एवढं बघा. सव्वाला गेलात तर कुणी ढुंकूनही बघणार नाही.

आत जाऊन बसलो, पण कुणी लक्षच देत नाही. आमचं काही चुकलं का?

नाही. इथे हाक मारावी लागते. टेबलाच्या कडेला घंटीचं बटण असेल तर ते दाबा. नसेल तर मोठ्याने "यॉगियो!" म्हणा, म्हणजे "इकडे, इकडे". आपल्याला ओरडायची लाज वाटते. मी पहिल्या खेपेला वीस मिनिटं नुसती हसऱ्या चेहऱ्याने बसून राहिले होते. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी माझ्या वतीने आरोळी ठोकली.

पाणी बहुधा आपलं आपण घ्यायचं. भिंतीवर "सेल्फ" लिहिलेलं दिसेल. खाली थंडगार फ्रीज, वर स्टीलचे पेले. पाणी तपकिरी दिसलं तर दचकू नका, ते भाजलेल्या जवाचं असतं. चमचे आणि काड्या सापडत नसतील तर टेबलाच्या बाजूला हात घालून बघा. खण असतो.

हाक मारायची ती काय म्हणून?

"साजांगनिम" म्हणजे मालक किंवा मालकीणबाई. हे कुठेही, कुणालाही चालतं. पण मध्यमवयीन बाईंना गल्लीत सगळे "इमो" म्हणतात, आणि इमो म्हणजे आईची बहीण. चक्क मावशी! वडिलांच्या बहिणीला कोरियनमध्ये "गोमो" म्हणतात, पण खानावळीत कुणी गोमो अशी हाक मारत नाही. आत्याकडून जास्तीची किमची (कोबीचं आंबवलेलं लोणचं) मागायची त्यांचीही हिंमत होत नसावी. "माय मरो, मावशी जगो" म्हणणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. "आजुम्मा" मात्र म्हणू नका, ते "ए बाई" सारखं लागतं.

बानचानचे पैसे वेगळे लागतात का? पुन्हा मागितलं तर?

लागत नाहीत, आणि पुन्हा मागितलं तरी लागत नाहीत. रिकामी ताटली दाखवून "बानचान दॉ जुसेयो" म्हणा. काही ठिकाणी कोपऱ्यात झाकलेले डबे असतात, तिथून आपणच वाढून घ्यायचं. संपेल एवढंच घ्या. उष्टं बानचान दुसऱ्या गिऱ्हाइकाला वाढणं इथे कायद्याने बंद आहे, त्यामुळे पानात टाकलेलं थेट कचऱ्यात जातं आणि इमोच्या कपाळावर आठी येते.

भाताचं वेगळं आहे. तो झाकणाच्या स्टीलच्या वाटीत येतो, आणि जास्तीच्या वाटीला हजार वॉन हा दर वर्षानुवर्षं जणू कोरलेलाच होता. आता काही ठिकाणी दोन हजार दिसू लागलाय. देशभर ही वाटी एवढीशीच का, तर १९७०च्या दशकात तांदूळ पुरत नव्हता, तेव्हा सरकारने हॉटेलांतल्या भाताच्या वाटीचं मापच ठरवून टाकलं. टंचाई गेली, वाटी राहिली. कोकणातून आलेल्या माझ्या भावाला पहिली वाटी बघून वाटलं की हा चव घेण्यापुरता भात आहे.

किमचीबद्दल एक गोष्ट. रोज पानात येते ती ताजी किंवा मध्यम आंबलेली. रश्श्यात घालतात ती जुनी, चांगली आंबट झालेली. लोणचं मुरतं तशी किमची मुरते, आणि किमची जिगे (किमचीचा उकळता रस्सा) चांगला झालाय की नाही हे त्या मुरण्यावर ठरतं. थंडीच्या तोंडावर वर्षाची किमची एकदम घालायचा जो घाऊक कार्यक्रम असतो, त्याला किमजांग म्हणतात. २०१३ साली युनेस्कोने तो वारशाच्या यादीत घेतला. आमच्या इमोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्यांना म्हणावं, या कोबी चिरायला." २०२४च्या सप्टेंबरात कोबीचे भाव भडकले, तेव्हा तिच्याकडे महिनाभर मुळ्याचीच किमची होती. कुणी तक्रार केली नाही.

आम्ही शाकाहारी आहोत. काय खाऊ?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर मनासारखं नाही.

एकदा दुपारी तीनला, ब्रेक टाइममध्येच, मी विसरलेली छत्री न्यायला गेले. इमो टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसली होती. पुढ्यात बोटभर लांबीच्या सुक्या मासळीचा ढीग. एकेक मासा उचलायचा, डोकं मोडायचं, नखाने पोटातली काळी गाठ काढायची, उरलेला भांड्यात टाकायचा. आपल्याकडे सुकी मासळी निवडतात, अगदी तसं. ही म्यॉलची. हिच्या उकळलेल्या पाण्यात तिचे सगळे रस्से शिजतात. द्वेनजांग जिगे हा सोयाबीनच्या आंबवलेल्या गोळ्याचा रस्सा, दिसायला वरणाचा भाऊ, तोही. शेवयांचं सूपही तेच. किमचीत माशाचं खारवलेलं पाणी किंवा बारीक खारी कोलंबी असते. म्हणजे "मांस नको" म्हणून भागत नाही.

"गोगी प्पे जुसेयो", म्हणजे "मांस काढून द्या", हे वाक्य पुस्तकात असतं. मीही आईला पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा तेच म्हटलं. बिबिमबाप (भाज्या घालून कालवायचा भात) आला, वर अंडं आणि खाली गुलाबी चौकोनी तुकडे. हॅम. इमोच्या लेखी गोगी म्हणजे भाजायचं मांस, हॅम हे हॅम, आणि मासा तर मासाच. तिची चूक नव्हती, मी नीट विचारलं नव्हतं. आईने त्या दिवशी नुसता भात, समुद्री शेवाळाचे भाजलेले पापड आणि मोडाच्या सोयाबीनची कोशिंबीर खाल्ली. शेवाळ म्हणजे काय ते मी तिला घरी आल्यावर सांगितलं.

तर नीट सांगायचं ते असं: "गोगी, सेंगसॉन, म्यॉलची युक्सू, चॉत्गाल आन मॉगॉयो." मांस, मासे, सुक्या मासळीचं पाणी आणि खारवलेली मासळी खात नाही. हे कोरियन लिपीत लिहून फोनमध्ये ठेवा आणि गर्दी नसताना दाखवा. अंडं म्हणजे "ग्येरान", तेही चालत नसेल तर जोडा. मग जे मिळेल ते बहुधा असं: अंड्या-मांसाशिवायचा बिबिमबाप (तिखट लाल गोळा वेगळा मागा, त्यात कधी कधी बारीक गोमांस परतलेलं असतं), पालक, मोड आणि दुधी-काकडीच्या जातीच्या भाज्या तिळाच्या तेलात कालवलेल्या, आणि उन्हाळ्यात कोंगगुक्सू. हा सोयाबीनच्या गार दुधातल्या शेवयांचा पदार्थ शाकाहाऱ्यांना देवाने पाठवलाय. मीठ आपलं आपण घालायचं.

फसवी नावंही आहेत. गामजाथांगमधल्या "गामजा"चा अर्थ बटाटा, पण पातेल्यात डुकराच्या पाठीचे मणके असतात. सुनदुबू जिगे म्हणजे मऊ टोफूचा रस्सा, आत शिंपले. किमबापमध्ये (शेवाळात गुंडाळलेली भाताची वळकटी) हॅम नाहीतर खेकड्याच्या चवीची माशाची कांडी.

जैन मंडळींसाठी: गल्लीतल्या खानावळीत लसणाशिवाय काही मिळेल ही आशा सोडा. त्यासाठी बौद्ध मठाचं जेवण शोधा. तिथे मांस-मासे नाहीतच, शिवाय कांदा-लसूण वर्गातले पाच उग्र पदार्थ वर्ज्य. गंमत म्हणजे त्या यादीत हिंगही आहे.

आई दुसऱ्यांदा आली तेव्हा मी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. इमोने तिच्यासाठी वेगळ्या छोट्या भांड्यात शेवाळ आणि मशरूमच्या पाण्यात द्वेनजांग केलं. आई म्हणाली, "कुळथाच्या पिठल्याला जरा आंबलेला वास आला की असंच लागतं." तिच्याकडून ही स्तुती आहे.

गोमांस किंवा डुक्कर खात नाही. कसं ओळखू?

"सो" म्हणजे गाय-बैल, "द्वेजी" म्हणजे डुक्कर, "दाक" म्हणजे कोंबडी. बुलगोगी (मुरवून भाजलेले मांसाचे पातळ काप) आणि गाल्बी (बरगडीचं मांस) बहुतेक गोमांसाची असतात (सुवॉनची गाल्बी तर प्रसिद्धच), जेयुक (तिखट परतलेलं मांस) डुकराचं. भिंतीवर एक तक्ता असतो. तांदूळ, कोबी, मांस कुठून आणलं ते लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. तो फोनने भाषांतरित केला की कुठली मांसं आत शिजतात ते कळतं. पण भांडी-कढया वेगळ्या नसतात. हलाल हवं असेल त्यांनी इथे येऊ नये.

फार तिखट असतं का?

कोल्हापूरकरांना नाही. लाल रंग बघून घाबरू नका, त्यांची मिरची रंगाला भडक आणि चवीला गोडसर. चॉंग्यांग नावाची हिरवी मिरची मात्र झोंबते. रश्श्यावर चकत्या तरंगताना दिसल्या तर आधी एक चाखून बघा. लहान मुलांसाठी भात, शेवाळाचे पापड आणि वाफवलेलं अंडं हा हुकमी बेत आहे. तिखट नसलेलं सूप मागितलंत तर कुणी नाही म्हणत नाही.

काड्या जमत नाहीत. हाताने खाल्लं तर?

भात आणि रस्सा चमच्यानेच खातात, कोरियन लोकही. काड्या बानचान उचलायला. त्या धातूच्या, चपट्या आणि निसरड्या असतात, त्यामुळे चीनमध्ये शिकलेलेही इथे गडबडतात. हाताने भात कालवू नका. वाटी उचलून तोंडाला लावायचीही इथे पद्धत नाही, वाटी टेबलावरच राहते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा: भातात चमचा किंवा काड्या उभ्या खोचून ठेवू नका. पूर्वजांच्या नावाने जेसा नावाचा विधी करतात, त्यात चमचा असा उभा लावतात. भात डावीकडे आणि सूप उजवीकडे ही जिवंत माणसाची मांडणी, पितरांसाठी ती उलटी होते. श्राद्धाला जानवं अपसव्य करणाऱ्या घरात वाढलेल्याला हे चटकन कळेल. माझ्या मुलाने एकदा आईस्क्रीमच्या थाटात चमचा रोवला. इमो आली, काही न बोलता तो आडवा ठेवला आणि त्याच्या गालाला हात लावून गेली.

टेबलावर वयाने मोठं माणूस असेल तर त्यांनी चमचा उचलल्यावर आपण सुरू करायचं. सुरुवातीला "चाल मॉक्केस्सम्निदा" (छान जेवेन), उठताना "चाल मॉगॉस्सम्निदा" (छान जेवले). पहिलं विसरलात तरी चालेल, दुसरं विसरू नका.

संध्याकाळी लोक दारू पितात. मुलांना न्यावं का?

न्या. हिरव्या बाटल्यांतली सोजू जवळजवळ प्रत्येक टेबलावर असते, आवाज वाढतो, त्यापलीकडे काही नाही. कुणी तुम्हाला ओतू लागलं तर पेला दोन्ही हातांनी धरा. पीत नसाल तर पेल्यावर तळहात ठेवून हसा.

बिल किती, टिप किती?

आमच्या भागात किमची जिगे आणि भात आठ ते दहा हजार वॉन, म्हणजे साधारण पाचशे-सहाशे रुपये. पैसे दाराजवळच्या गल्ल्यावर, उठल्यावर. कार्ड सगळीकडे चालतं. टिप नाही. ठेवलीत तर इमोचा नवरा रस्त्यापर्यंत धावत येऊन परत देईल. आमच्या एका पाहुण्याला दोन हजार वॉन घेऊन सिग्नलपर्यंत गाठलं होतं.

जेवून झाल्यावर थोडं गप्पा मारत बसलं तर?

दुपारी नको. जेवण झालं की उठायचं आणि चहा-कॉफीला शेजारच्या कॅफेत जायचं, हाच रिवाज. उरलेलं बांधून हवं असेल तर "फोजांग" म्हणा, बहुतेक ठिकाणी देतात. उकळता रस्सा मात्र उन्हाळ्यात द्यायला इमो कुरकुरते.

नेहमीचं गिऱ्हाईक व्हायला किती दिवस लागतात?

त्याला "दानगोल" म्हणतात. मला चार महिने लागले. खूण सोपी आहे: न मागितलेला पदार्थ समोर येतो, कधी तळलेलं अंडं, कधी कांद्याच्या पातीचं धिरडं, आणि इमो म्हणते, "सर्विस." इंग्रजीतून आलेल्या या शब्दाचा इथला अर्थ "फुकट".

मागच्या वर्षी भारतात जाऊन महिन्याने परतले, तर दारातच प्रश्न: "जेवलीस का?" इथे हा प्रश्न "कशी आहेस"च्या जागी विचारतात हे मला माहीत होतं, तरी मी खरोखरच उत्तर दिलं की नाही जेवले. मी तिच्यासाठी आईने दिलेली लसणीची कोरडी चटणी नेली होती. तिने चिमूटभर भातावर टाकली, लसूण ओळखला, मिरची ओळखली, आणि खोबऱ्यापाशी अडली. नवऱ्याला बोलावलं, त्यालाही कळेना. पंधरा दिवसांनी ती बरणी घासूनपुसून परत आली, आत गच्च मुळ्याची किमची. अशी बरणी तुम्हाला कधी मिळाली तर झाकण सिंकवर धरूनच उघडा. फसफसते.